गुरुवारची वेळ

आमचं घर वाळूच्या लांबट पट्टीवर आहे. एका अंगाला सुपिरिअर सरोवर, दुसऱ्या अंगाला बंदर, आणि डलुथ शहरात जायचं तर वाटेत उचलता पूल. खनिजाचं जहाज आलं की पूल वर जातो, आणि पट्टीवरची माणसं पट्टीवर, शहरातली शहरात. निवृत्त होईपर्यंत तो पूल मीच वर-खाली करत होते. केबिनमधून खाली अडकलेले लोक दिसायचे. तोंडं हलायची, शिव्या ऐकू यायच्या नाहीत. हे सांगायचं कारण एवढंच, की मी भासांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. धुक्यात दिवा दिसला तर तो दिवाच आहे ना, हे दोनदा बघून मगच बटण दाबण्यात माझं आयुष्य गेलं.

आर्डिस माझी धाकटी बहीण. शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. नवरा गेल्यावर माझ्याकडे राहायला आली आणि आमची भांडणं लहानपणी थांबली होती तिथून पुढे सुरू झाली. मग त्या वर्षीच्या शरद ऋतूत ती भांडायची थांबली. उठायचीही थांबली. काही दुखत नव्हतं. गोळ्या बदलून झाल्या, डॉक्टर बदलून झाले. सकाळी मी तिच्या खोलीत कॉफी ठेवायचे आणि दुपारी तीच गार झालेली उचलायचे.

शहरातल्या एका दवाखान्यात केटामाइन देऊन मानसोपचार करतात, असं कुणीतरी सांगितलं. शस्त्रक्रियेत भूल द्यायला वापरतात तेच औषध, कमी मात्रेत, आणि जोडीला बोलणं. तिथल्या डॉक्टर कॉलीन हॅलोरन शांत, मऊ बोलणाऱ्या बाई. पहिल्या भेटीत औषध दिलंच नाही, नुसतं समजावून सांगितलं. चार तास आधीपासून खायचं नाही. दंडात सुई. डोळ्यांवर पट्टी, कानात संगीत, अंगावर पांघरूण, रक्तदाबाचा पट्टा सुरू. पाऊण-एक तास मन शरीरापासून थोडं बाजूला सरकतं. नंतर गरगरतं, मळमळतं. त्या दिवशी गाडी चालवायची नाही. दुसऱ्या दिवशी येऊन जे दिसलं त्यावर बोलायचं.

“घोड्यांना देतात तेच ना हे?” आर्डिसने विचारलं. कित्येक आठवड्यांत तिने स्वतःहून उच्चारलेलं ते पहिलं पूर्ण वाक्य.

“त्यांनाही देतात,” डॉक्टर म्हणाल्या.

“मग ठीक आहे. ही मला लहानपणापासून घोडीच म्हणते.”

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही.

आमची वेळ गुरुवारी दुपारची असे. गाडी चालवायला कुणीतरी लागतंच, म्हणून मी बाहेर बसायचे. पहिल्या खेपेनंतर परतताना आर्डिस काचेला कपाळ टेकून बसली होती.

“काय दिसलं?”

“दिसलं काही नाही. अरुंद जागा होती. आडवं पडून राहावं लागत होतं. फळ्यांचा वास. शेजारी कुणीतरी होतं.”

“कोण?”

“विचारलं नाही. तुझ्यासारखी चौकस नाही मी.”

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाल्या, लगेच अर्थ लावू नका, मनाला अशी चित्रं दिसतात. मला ते पटलं. गुण येत होता, हे तर दिसतच होतं. दुसऱ्या खेपेनंतर आर्डिसने अंघोळ केली. तिसऱ्या खेपेनंतर सकाळी मी उठले तर घरभर काळ्या पावाचा खरपूस वास. ती ओट्याशी उभी होती, बाह्या सारलेल्या, हात पिठात.

“झोप झाली का नीट?” तिने विचारलं.

आर्डिसने मला हे कधी विचारलं नव्हतं. पण बऱ्या होणाऱ्या माणसाच्या सौजन्यात खोट काढणारी मी कोण? मी हो म्हटलं आणि पाव खाल्ला. उत्तम झाला होता.

त्यानंतर ती भांडलीच नाही. मी मुद्दाम काढलेल्या कुरापतींवरही नाही. “तुझं बरोबर आहे, व्हर्ना,” असं म्हणायची. आईबद्दल, शाळेबद्दल, पुलाबद्दल विचारायची आणि मी सांगत असताना एकटक ऐकायची, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी. दारं मात्र लावेना. डिसेंबरात, सरोवरावरून वारा येत असताना, घरातलं एकूण एक दार सताड उघडं. न्हाणीघराचंसुद्धा. मी लावलं की उघडून जायची. एकदा मी तिच्या खोलीचं दार बाहेरून ओढून घेतलं, तर आत काहीतरी जोरात आपटलं. मी उघडलं तेव्हा ती दाराला पाठ लावून उभी होती, ओठ पांढरे पडलेले.

“असं पुन्हा करू नकोस,” ती म्हणाली. हळू, अगदी आदबीने.

शेजारीपाजारी माझं अभिनंदन करत होते. चर्चमधल्या बायकांनी तिच्यासाठी रानतांदळाचं सूप पाठवलं. मी कुणाला काय सांगणार होते? बहीण बरी झाली, गोड वागते, मला तिची भीती वाटते? असं बोलणाऱ्या बाईलाच उपचाराला बसवतात.

शेवटच्या खेपेला घरच्या माणसाने आत बसलं तरी चालतं, असं डॉक्टर म्हणाल्या. मी बसले.

खोली लहान, खिडकीला जाड पडदा. सुई दिल्यावर थोड्या वेळाने तिची बोटं सैल पडली. डॉक्टर समोरच्या खुर्चीत, मी उशाशी. यंत्राचा पट्टा मधूनमधून दंडावर फुगायचा. बराच वेळ काही झालं नाही. मग डोळ्यांवरच्या पट्टीखाली तिचं तोंड वाकडं झालं, लहानपणी रडू आवरताना व्हायचं तसं.

“व्हर्ना? आलीस का गं? किती वेळ लावलास.”

तो आवाज मी आठवडेच्या आठवडे ऐकला नव्हता. खडबडीत, चिडका, माझ्या बहिणीचा.

“आहे मी इथे,” मी म्हटलं.

“हळू बोल. ती ऐकते.” मग श्वासाइतक्या बारीक आवाजात, “तिला घरी नेऊ नकोस.”

डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मान हलवली, बोलू नका अशी. आर्डिसचे ओठ आणखी थोडे हलले, आवाज आला नाही. पाऊण तासाने पट्टी काढली तेव्हा माझ्याकडे बघून जी हसली, ती घरी राहत होती तीच.

मी तिला घरी नेलं. नाही तर कुठे नेणार?

आणखी काही खेपा द्याव्यात, असं मी डॉक्टरांना विनवलं. त्यांना गरज वाटेना. “मला नको,” बहीणही म्हणाली. “मी आता बरी आहे. थकलीयेस तू. तूच का जात नाहीस?”

तिने कोणत्या हेतूने सुचवलं कोण जाणे. मी गेले. मला झोप नाही, अन्न जात नाही, जगावंसं वाटत नाही असं सांगितलं, आणि सांगताना लक्षात आलं की त्यात खोटं फारसं नव्हतं. तपासण्या झाल्या. जानेवारीतला एक गुरुवार मिळाला. मोसमातली शेवटची जहाजं येत होती. गाडी तिने चालवली.

बाहेरच्या खोलीत एक जोडपं बसलं होतं. माझ्यानंतरची वेळ त्यांची; रस्त्यावर बर्फ असेल म्हणून टू हार्बर्स या गावाहून लवकर निघाले होते. लाइल, लाकूड वाहणाऱ्या ट्रकवरचा चालक, आडव्या अंगाचा, अबोल, नजर जमिनीवर. त्याची बायको जोनेल मात्र बोलकी.

“तुमची कितवी?”

“पहिली.”

“यांचीही पहिलीच. दोन वर्षांत हसला नाहीये माणूस.” ती त्याच्या गुडघ्यावर थोपटत होती. “त्रास होत नाही ना हो?”

माझी बहीण तिच्याकडे बघून हसली. “अजिबात नाही.”

सुई टोचली, ओठ बधिर झाले. छत वर गेलं, मग आणखी वर. हात होते, पण दुसऱ्या कुणाचे तरी तिथे ठेवल्यासारखे. संगीत कुठेतरी लांब चाललं होतं, आणि मग नव्हतं.

फळ्यांचा वास आला.

मी आडवी होते. दोन्ही खांदे टेकत होते. डोकं उचलायला जागा नव्हती. वरून, जमिनीखालून ऐकू यावेत तसे आवाज येत होते. खुर्ची सरकल्याचा, डॉक्टरांच्या खोकल्याचा.

“सरक की जरा,” कानाशी आवाज आला. “आधीच जागा नाही, त्यात तू.”

“आर्डिस.”

“नाही, इंग्लंडची राणी.”

मी तिचा हात शोधला. बर्फासारखा गार होता. “चल माझ्याबरोबर,” मी म्हटलं.

“एका अंगात दोघी? आपण एका स्वयंपाकघरात मावलो का कधी?”

“मग तिला परत आण म्हणतेस?”

“ती येणार नाही. तू आली असतीस?”

मी तिचा हात चोळत राहिले. तेव्हा ऐकू आलं. आमच्या पलीकडे कुणीतरी श्वास घेत होतं. त्याच्या पलीकडे आणखी कुणी. तसंच पुढे, लांबपर्यंत, एकाला एक लागून.

“तुझ्यानंतर कुणाची वेळ आहे?” तिने विचारलं.

विचार न करता मी सांगितलं. लाइल म्हणून आहे, ट्रकवाला.

त्या सगळ्यांचा श्वास एकदम थांबला.

मग डॉक्टर माझ्या डोळ्यांवरची पट्टी काढत होत्या. मला उलटी झाली. बाहेर आले तेव्हा लाइल उठून आत निघाला होता. त्याला थांबवायला मी तोंड उघडलं, पण जीभ अजून जड होती, आणि काय म्हणायचं तेही सुचेना. जोनेलने जाता जाता माझा हात दाबला.

पूल वर होता. आमच्यापुढे गाड्यांची रांग. जहाजाची काळी भिंत कालव्यातून हळूहळू सरकत होती. तिने इंजिन बंद केलं, आणि आपल्या बाजूची काच खाली घेतली.

“भेटली?”

तिने उघड असं काही विचारलं, ते पहिल्यांदाच.

“भेटली,” मी म्हटलं.

“कशी आहे?”

“गारठलीये.”

तिने मान हलवली. बर्फाचे कण आत येऊन तिच्या मांडीवर पडत होते. “माझ्यासाठी कुणी आलं नाही,” ती म्हणाली. “मी हाका मारायचे. आधी आधी.”

“कोण आहेस तू?”

तिने खरंच आठवून पाहिलं. कपाळाला आठ्या पडल्या.

“नाही आठवत,” ती म्हणाली. “फार काळ झाला गं.”

पूल खाली आला. मागच्या गाडीने भोंगा वाजवला. आम्ही घरी गेलो, कारण पट्टीवर दुसरीकडे जायला रस्ताच नाही.

दवाखान्यात मी फोन केला. लाइल कसा आहे एवढंच विचारलं. दुसऱ्या पेशंटबद्दल बोलता येत नाही, असं सांगून डॉक्टरांनी मलाच पुढची तारीख देऊ केली. मी नको म्हटलं. बंदर गोठलं, जहाजं थांबली. दिवसभर घरात आम्ही दोघी, उघडी दारं, आणि तिची ती सौम्य विचारपूस.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी दारापुढे पिकअप उभी राहिली. मी खिडकीतून बघत होते. लाइल उतरला आणि पायऱ्यांकडे आला. आमची दुसरी पायरी कुजलेली आहे. वर बर्फ साचला की ती कळत नाही, आणि नव्या माणसाचा पाय हमखास त्यात जातो. त्याने खाली न बघताच ती ओलांडली.

मी दार उघडलं.

“बघत काय राहिलीस, व्हर्ना? आत घे,” तो म्हणाला. आवाज जाड, पुरुषी. “या माणसाचे गुडघे पार कामातून गेलेत. चार पायऱ्या चढवत नाहीत.”

मला त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं. खरं सांगते, वाटलं.

“आणि तो?” मी विचारलं. “लाइल कुठे आहे?”

“त्याला जागा दाखवून आले.” त्याने नाक पुसलं. “माझीच. ऊब होती तिथे अजून.”

पिकअपचं दुसरं दार उघडून जोनेल आली, गाल लाल, डोळ्यांत आनंद मावत नव्हता. “याने हट्टच धरला, तुमच्याकडे जायचं म्हणून. आता काय काय करावंसं वाटतं हो याला. काल पाव भाजला!”

मी बाजूला झाले. दोघांनी बूट काढले.

बहिणीने टेबलावर आधीच चार कप मांडले होते. ती आणि लाइल समोरासमोर बसले. ओळख करून द्यावी लागली नाही. जोनेल कप हातात धरून बोलत होती, आमच्यापैकी कुणीच काही विचारत नसताना.

“मीसुद्धा वेळ घेतलीये. येत्या गुरुवारची. मला तसं काही झालेलं नाही, पण हाच म्हणाला, तूही जाऊन ये.”

मी लाइलकडे पाहिलं. तो कॉफीकडे बघत होता. बहिणीने न विचारता साखरेचं भांडं त्याच्यापुढे सरकवलं. त्याने तीन चमचे घातले आणि ढवळू लागला.

आर्डिस कॉफीत साखर घेत नसे. कधीच नाही.