सतरा नंबरचा घास

"प्रतिकारशक्ती खचलेला प्राणी बुरशीपुढे टिकत नाही. हा सृष्टीचा नियम आहे!" परळच्या प्रयोगशाळेत डॉक्टर रेग्यांनी जाहीर केलं. तेवढ्यात टेबलावरच्या सतरा नंबरच्या सशाने, तो नियम ज्यावर लिहिला होता तो कागद कुरतडायला घेतला.

कॉर्टिझोन टोचून कमजोर केलेले वीस ससे. छातीत बुरशीचे कण सोडलेले. नऊ दिवसांत सगळे जाणार, असा अंदाज.

पिंजराघराची एक रीत होती. ससा गेला की 'मेला' म्हणायचं नाही. पिंजऱ्यावरचा पत्र्याचा बिल्ला उलटा करायचा. बिल्ला सुलटा आहे तोवर घास टाकायचा. हे काम पिंजराघरातल्या गड्याचं, भिवाचं. त्याची छाती आधीच गिरणीतल्या कापसाने खाल्लेली.

"ही हवा तुला मानवायची नाही, भिवा. हे ससे संपले की तूही घरी बस."

"घरी बसून खाऊ काय, साहेब? एक जरी बिल्ला सुलटा राहिला, तर मीबी राहणार."

डॉक्टर हसून "बरं" म्हणाले. सृष्टी त्यांच्या बाजूने होती.

नवव्या दिवशी संयुक्त महाराष्ट्राचा हरताळ. भिवा डिलाईल रोडवरून खोकत, मध्येच 'झालाच पाहिजे' ओरडत चालत आला. एकोणीस बिल्ले उलटे. सतरा नंबर लसूणघास खात बसलेला.

डॉक्टरांना राहवेना. त्यांनी त्याला भूल देऊन फाडलं. दोन्ही फुप्फुसं राखाडी बुरशीने गच्च. हवेला तिळाएवढी जागा नाही.

"हा चार दिवसांपूर्वीच जायला हवा होता," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "बिल्ला उलटा कर."

"नाही करणार."

आणि रीतीप्रमाणे रिकाम्या पिंजऱ्यात घासाची जुडी टाकून भिवा घरी गेला.

सकाळी नुसते देठ उरले होते. शेजारी ताज्या लेंड्या.

"उंदीर," डॉक्टर म्हणाले.

"उंदराच्या लेंड्या मला दाखवता, साहेब?"

डॉक्टरांनी स्वतः पिंजरा झाडला, नवा पेंढा अंथरला, बिल्ला उलटा केला. घास टाकू दिला नाही. पिंजऱ्याला कुलूप लावून किल्ली गिरगावला घरी नेली.

दुसऱ्या दिवशी कुलूप जसंच्या तसं.

बिल्ला सुलटा.

घासाचं भांडं आतून आपटून पालथं पाडलेलं.

डॉक्टरांनी कुलूप काढलं. कोपऱ्यातला पेंढा गोल दबला होता. त्यांनी हात ठेवला.

ऊब होती.

धाप लागल्यासारखा श्वास ऐकू येत होता. डॉक्टरांनी वळून पाहिलं. भिवा दाराशी होता, श्वास रोखून.

डॉक्टरांनी चष्मा पुसला. घरी बसण्याचा विषय काही निघाला नाही.

"भिवा."

"जी."

"घास आण. जरा कोवळा बघ."