उद्याचा पहिला नंबर

विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही ठेवला नसता. पण यातला बराचसा भाग मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. उरलेला माझ्या सख्ख्या मामांनी सांगितला, आणि कपडे कधी शिवून होतील ते सोडलं तर हा माणूस आयुष्यात दुसरं काही खोटं बोललेला नाही.

मामा धंद्याने शिंपी. सगळे त्यांना मास्तर म्हणतात.

सोमवार होता. दुपारचे साडेतीन वाजले होते. रात्र नव्हती, वारा सुटला नव्हता, कुत्रं रडत नव्हतं. हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खाटांच्या खोलीत लख्ख ऊन आलं होतं.

मामांच्या डाव्या मूत्रपिंडात गाठ निघाली होती. मूत्रपिंडच काढायचं ठरलं. मंगळवारी सकाळी आठला ऑपरेशन आणि यादीत मामांचा पहिला नंबर. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, "वेळेवर काढली तर वीस वर्षं मशीन चालवाल. उशीर केलात तर माझ्या हातात काही नाही."

मामा हसले होते. "जन्मभर गाठी मारल्या, आता एक काढून घेतो."

पण आतून ते फार घाबरले होते. घाबरले की त्यांची बडबड वाढते. सकाळपासून सात जणांनी येऊन नाव विचारलं, तेव्हा सिस्टरना म्हणाले, "पाठ होत नसेल तर सगळ्यांच्या खिशावर शिवून देऊ का?"

शेजारच्या खाटेवर एक बसड्रायव्हर होता. चाळिशीचा, अंगाने दांडगा, बोलायला गोड. हर्नियाचं ऑपरेशन, पाऊण तासाचं काम. त्याचा नंबर मामांच्या नंतर होता. तासाभरात दोघांची गट्टी जमली. पँटच्या कमरेला सूट किती ठेवावी यावर ते वाद घालत बसले होते.

तीन वाजता ड्रायव्हरला एक्स-रेसाठी खाली नेलं. मामी घरी थोडं पडायला गेल्या होत्या. मी रक्तपेढीत रांगेत उभा होतो. मामा खोलीत एकटे. सिस्टर जाताना एवढंच सांगून गेल्या, "काका, दुपारी तयारीला माणूस येईल बरं का."

मामा जन्मात कधी हॉस्पिटलात झोपले नव्हते. तयारी म्हणजे काय, हे त्यांना कुठून ठाऊक असणार?

साडेतीनला बाहेरचा आवाज थांबला.

म्हणजे हळूहळू कमी झाला नाही... एकदम थांबला. ट्रॉलीची चाकं, फोन, लिफ्टची घंटा, काहीच ऐकू येईना. डोक्यावरचा पंखा फिरत होता, पण त्याची घरघर नव्हती.

दाराशी एक बाई उभी होती. पांढरे कपडे, हातात पाण्याचं भांडं आणि खांद्यावर कापड.

सकाळपासून आलेल्या प्रत्येकाने नाव विचारलं होतं. हिने विचारलं नाही.

तिने फक्त विचारलं, "उद्याचा पहिला नंबर तुमचाच ना?"

"हो, माझाच," मामा म्हणाले. "तयारीला आलात का?"

तिने मान डोलावली आणि कामाला लागली.

मामांना आडवं केलं. तोंडातली कवळी काढली. बोटातली अंगठी काढली. कापड भिजवून पिळलं... आणि भांड्यात पाणी पडल्याचा आवाज आला नाही. ते पाणी बर्फासारखं होतं. मामा शहारले, पण बोलले नाहीत. उगाच भित्रा म्हणायची.

तिने चेहरा पुसला, हात पुसले, पाय पुसले. केस विंचरले. हात सरळ करून दोन्ही बाजूंना ठेवले. मामा सांगतात, इतकं सफाईदार काम त्यांनी कुठे पाहिलं नव्हतं, घाई नाही की धसमुसळेपणा नाही. त्यांची भीती पार गेली.

मग ती पायांशी गेली. दोन्ही पायांचे अंगठे जुळवले आणि पट्टीने एकत्र बांधले.

गाठ छान होती, मामा सांगतात. न सुटणारी, पण न टोचणारी. शिंप्याला गाठ कळते.

शेवटी तिने मामांच्या कपाळावर तळवा ठेवला आणि डोळ्यांवरून अलगद खाली ओढला. मामांनी डोळे मिटून घेतले.

दाराकडे तोंड करून ती कुणाला तरी म्हणाली...

"झाली तयारी. घरच्यांना बोलवा."

मी सव्वाचारला खोलीत शिरलो.

मामा सरळ पडले होते. गळ्यापर्यंत चादर, डोळे मिटलेले, गाल आत गेलेले. चादरीच्या टोकाला ते दोन अंगठे.

माझ्या हातातली फाइल खाली पडली. मी ओरडलो, "मामा!"

मामांनी डोळे उघडले. "आलाश? अरे, तयारी झाली माझी." कवळी नसल्यामुळे शब्द बोबडे येत होते.

मला हसूही आलं आणि रडूही. मयतं आम्ही दोघांनीही पाहिली होती. पण माणूस जिवंत बोलत असला की ते मनाला शिवत नाही. मला वाटलं, ऑपरेशनची पद्धत असेल, पाय हलू नयेत म्हणून. कवळी आणि अंगठी शोधली, तर कपाटात एका पुडीत बांधून ठेवलेली. पुडीवर चिठ्ठी होती, स्वच्छ वळणदार अक्षरात.

"घरच्यांना देणे."

पाच वाजता वॉर्डातला ब्रदर आला. हातात वस्तरा, साबण, ट्रे. "चला काका, तयारी करायची."

"परत?" मामा म्हणाले. "आत्ताच तर बाई करून गेल्या."

"कोण बाई? पुरुष पेशंटची तयारी मीच करतो. या मजल्यावर..."

तेवढ्यात त्याचं लक्ष पायांकडे गेलं. त्याने खिशातून कात्री काढली आणि कचकन पट्टी कापली. कापलेली पट्टी त्याने कचऱ्यात टाकली नाही, मुठीत घट्ट धरून ठेवली.

"दिसायला कशी होती?"

मामांनी खूप आठवून पाहिलं. हात आठवत होते. चेहरा आठवेना.

"तिने नंबर विचारला का?" ब्रदरचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"हो. उद्याचा पहिला ना म्हणाली. मी म्हटलं, हो."

ब्रदर स्टुलावर बसला. ट्रे बाजूला ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मी बोललो असं कुणाला सांगू नका. माझी नोकरी आहे. पण जमलं तर नंबर बदलून घ्या."

"म्हणजे? याआधी असं झालंय?"

त्याने वस्तरा उचलला. वस्तऱ्याचं पातं दोनदा हातातून निसटलं. तिसऱ्यांदा त्याने कशीबशी मामांची तयारी उरकली, ती खरी ऑपरेशनची, आणि निघून गेला.

आता मी जे केलं ते सांगतो.

मी सरळ सिस्टरच्या टेबलाशी गेलो. खोटं सांगितलं की मामांना घाबरून चक्कर येतेय, बीपी वाढलंय वाटतं, सकाळी थोडा वेळ मिळाला तर बरं होईल. त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. दोन मिनिटांचं काम होतं. यादीत वरचं नाव खाली गेलं आणि खालचं वर आलं.

मला फार हलकं वाटलं. खालचं नाव कुणाचं आहे हे मला माहीत होतं, तरी हलकं वाटलं.

ड्रायव्हरला सिस्टरनीच सांगितलं. गडी खूश झाला.

"अहो, बरंच झालं की! मला उपाशीपोटी राहवत नाही. लवकर सुटेन, लवकर चहा मिळेल." मग मामांकडे बघून हसला. "शाळेत कधी पहिला नंबर आला नाही, मास्तर. इथे तरी येऊ दे!"

त्याची बायको डबा घेऊन आली होती. तीही हसली.

मामांनी तोंड उघडलं. सांगणार होते, मला दिसलं. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं.

मी मान हलवली. नको.

मामा गप्प बसले.

त्या रात्री काहीच झालं नाही. कुणी आलं नाही. मामा जागेच होते आणि शेजारी ड्रायव्हर सुखाने घोरत होता. दोनदा मामा उठून त्याच्या खाटेपाशी गेले. दोनदा परत आले.

सकाळी साडेसातला ट्रॉली आली. ड्रायव्हर स्वतःच उडी मारून चढला.

"येतो मास्तर. तुमच्यासाठी टेबल गरम करून ठेवतो."

चाकं दाराबाहेर गेली. लिफ्टपर्यंत वीस पावलांचं अंतर. एक हाक मारली असती तर थांबला असता.

आम्ही दोघंही ट्रॉलीकडे बघत राहिलो.

साडेआठ झाले... नऊ झाले... पाऊण तासाचं काम होतं. सव्वानऊला वरच्या मजल्यावर धावाधाव ऐकू आली. मग तीही थांबली.

सुरू व्हायलाच नऊ वाजून गेले होते. भूल दिली आणि हृदय बंद पडलं. पोटाला चीर द्यायची वेळसुद्धा आली नाही. सगळे रिपोर्ट चांगले होते. डॉक्टर स्वतः खाली आले, त्याच्या बायकोसमोर उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. ती बाई जमिनीवर बसली. डबा तिच्या मांडीवर तसाच होता.

त्या दिवशीची पुढची सगळी ऑपरेशनं रद्द झाली.

अकरा वाजता ब्रदर आमच्या दाराशी आला. चेहरा पांढराफटक. मामांना म्हणाला, "काका, जरा येता का? माझ्याने होत नाहीये."

शेजारच्या रिकाम्या खोलीत ड्रायव्हरला ठेवलं होतं. ब्रदर त्याची शेवटची तयारी करत होता. सगळं झालं होतं, पण अंगठे बांधले की पट्टी सुटत होती.

"पंधरा वर्षं हे काम करतोय," तो म्हणाला. "चार वेळा बांधली. गाठ बसतच नाही."

त्याने आमच्यासमोर पाचव्यांदा बांधली. घट्ट ओढली, हात बाजूला घेतला.

आम्ही तिघं बघत होतो... गाठ आपोआप सैल होत गेली. पट्टी गळून पडली आणि त्याचे पाय दोन बाजूंना झाले.

मामा पुढे झाले. पट्टी उचलली, अंगठे जुळवले आणि त्यांच्या सवयीची गाठ मारली. ती बसली.

मामांना हुंदका आवरेना. "चुकलो रे राजा," ते त्या पायांशी म्हणाले, "चुकलो." दारात ड्रायव्हरची बायको उभी होती. तिने ऐकलं, पण तिला वेगळंच वाटलं. ती मामांना म्हणाली, "एका दिवसाची ओळख. सख्ख्या भावासारखं केलंत तुम्ही."

मामांचं ऑपरेशन शुक्रवारी झालं. दुसरा नंबर मागून घेतला होता. त्या दिवशी पहिला कोण होता, हे आम्ही विचारलं नाही. विचारायची हिंमतच नव्हती.

मूत्रपिंडासकट गाठ काढली. मामा बरे झाले. याला आता सहा वर्षं झाली.

ड्रायव्हरची बायको मामांच्या दुकानात येते. मुलांचे गणवेश दुसऱ्या कुणाकडे टाकत नाही. मागच्या महिन्यात आली होती, मी तिथेच होतो. मामा कापड कापत असताना तिने सहज विचारलं, "मास्तर, आधी तुमचा नंबर होता ना हो? मग बदलला कुणी?"

मामांची कात्री थांबली.

"डॉक्टरांनी," मी म्हणालो.

एवढं सगळं आज का लिहितोय, तेही सांगतो.

माझ्या पित्ताशयात खडे झालेत. ऑपरेशन करायलाच हवं, टाळून चालणार नाही. काल दुपारी हॉस्पिटलच्या ऑफिसातून फोन आला. मुलगी अगदी मोकळेपणाने बोलत होती. "पुढच्या बुधवारची तारीख देते. पहिला नंबर लावू का तुमचा?"

मी विचारलं, "दुसरा मिळेल का?"

"मिळेल की. दुसऱ्या नंबरला एक शिक्षिका आहेत. दोन लहान मुलं आहेत त्यांना, लवकर मोकळ्या झाल्या तर त्यांनाही बरंच. त्यांना पुढे घेते. घेऊ?"

मी म्हटलं, विचार करून सांगतो.

संध्याकाळी मामांकडे गेलो, सगळं सांगितलं. त्यांनी मशीन थांबवलं. तोंड उघडलं आणि मिटलं. मग पुन्हा शिवायला लागले.

उद्या सकाळी दहापर्यंत कळवायचं आहे. मी अजून फोन केलेला नाही.