बगळ्याचा डबल बास

"ऊठ गं कुंभकर्णे, तीन वाजले!" असं म्हणत खुंटीने पांघरुणावर एक सणसणीत चापट मारली, आणि पांघरुणाखालून 'धम्म' असा खोल, घुमणारा आवाज आला.

तिची मावसबहीण खात्यापित्या घरची होती हे खरं, पण इतकीही नव्हती.

खुंटीने पांघरूण बाजूला केलं. खाली तपकिरी, चकचकीत लाकूड होतं आणि त्यावर जाडजूड चार तारा. डबल बास! व्हायोलिनचा हा सगळ्यात थोरला भाऊ. माणसाहून उंच. वाजवणाऱ्याने उभं राहून याला जवळ घ्यायचं आणि वाजवायचं. आत्ता मात्र तो उशीवर मान टेकून, गळ्यापर्यंत पांघरूण घेऊन गाढ झोपला होता.

"आमचे काका आहेत ते," तंबूच्या मागून कोणीतरी चक्क मराठीत म्हणालं. "प्रवासाने दमलेत. मारू नका हो त्यांना."

खुंटी बाहेर आली. दोष तिचा एकटीचा नव्हता. परदेशातला तीन दिवसांचा संगीत महोत्सव, उन्हाळ्याची सुट्टी, आणि मोठ्या कुरणावर भाड्याने दिलेले दोनशे तंबू... सगळेच्या सगळे निळे. कोणता तंबू कोणाचा, हे ओळखायचं तरी कशावरून?

तंबूमागच्या सावलीत चटईवर एक तरुण पडला होता. लांबच लांब पाय, लांब मान, आणि चेहऱ्यावर टोपी. टोपी जराशी वर सरकली, खालून दोन हसरे डोळे दिसले.

"हा तंबू तुमचा?" खुंटीने विचारलं.

"काकांचा. एका माणसाचा तंबू आहे. दोघांपैकी एकाने बाहेर झोपायला हवं. वडीलधारी मंडळी आत, आम्ही बाहेर."

"काकांना उद्या त्रास होईल. दुपारी तंबूची भट्टी होते. लाकूड तापलं की वाकतं, तारांचा ताण त्याला सोसत नाही."

"मग बाहेर ठेवू? काल संध्याकाळी पावसाची सर येऊन गेली. भिजले तर?"

"मग आतच ठेवा, पण उद्या सकाळी तारा जरा सैल करा. प्रत्येक खुंटी पाव वेढा. जास्त नाही."

तो आता उठून बसला. "तुम्ही कोण, वाद्यांच्या डॉक्टर?"

ती लाजेल, असं त्याला वाटलं होतं. ती म्हणाली, "हो."

आणि ते खरंच होतं. तिच्या घरी तीन पिढ्यांचं वाद्यदुरुस्तीचं दुकान होतं. रांगायला लागली तेव्हापासून दिसेल त्या वाद्याची खुंटी पिळायची, म्हणून आजोबांनी तिचं नाव खुंटी ठेवलं. तिला वेगळं नाव आहे हे आता फक्त पासपोर्टलाच माहीत होतं.

"मला बगळा म्हणतात," तो उभा राहत म्हणाला. का म्हणतात, ते सांगायची गरज उरली नाही. तो उभा राहतच गेला... राहतच गेला.

संध्याकाळी बगळा आपल्या ड्रमवाल्या मित्राला घेऊन 'आभार मानायला' आला. आभार मानायला दोन तास लागले. मावसबहिणीने कपाळावर हात मारून घेतला. त्या दोघींबरोबर आलेली तिसरी मैत्रीण दातांची डॉक्टर होती. तिने दोघांचे दात हसता हसता तपासून टाकले. "बगळ्याचे चांगले आहेत," ती खुंटीच्या कानात म्हणाली. "पुढे विचार करायला हरकत नाही."

"तू गप्प बस."

"मी दातांबद्दलच बोलतेय!"

शनिवारी सकाळी पाण्याच्या नळावर रांग होती. ऊन आताच चटके देत होतं. बगळा दोन बादल्या घेऊन तिच्या मागे उभा होता.

"काकांच्या तारा?" तिने मागे न बघता विचारलं.

"उजाडताच सैल केल्या. पाव वेढा. डॉक्टरांचा शब्द म्हणजे शब्द. तुम्ही—"

"तू म्हण."

"एवढ्या लवकर?"

"रांग केवढी आहे बघितलंस ना? नळापर्यंत पोचेपर्यंत म्हणावंच लागलं असतं."

तो हसला. मग स्वतःची टोपी काढून त्याने तिच्या डोक्यावर ठेवली. ती तिच्या भुवयांपर्यंत खाली आली. टोपीखालून तिला फक्त त्याचे पाय दिसत होते, आणि तेवढेही तिला पुरत होते.

"आज चार वाजता मोठ्या मंचावर वाजवतोय आम्ही," तो हळूच म्हणाला. "पाच वर्षं हॉटेलांच्या कोपऱ्यात वाजवलं. लोक जेवत असायचे, आम्ही वाजवत असायचो. आज पहिल्यांदा लोक नुसते ऐकायला येणार. इथे जमलं तर पुढे दारं उघडतील, नाही जमलं तर... पुन्हा कोण बोलावतंय? येशील ना?"

"पुढच्या रांगेत," ती म्हणाली.

साडेबाराला ती टोपी परत करायला गेली. बगळा नव्हता, माइक तपासायला मंचावर गेला होता. तंबूचं तोंड उघडं होतं आणि आतून गरम वाफ येत होती. काका घामेजल्यासारखे पडले होते.

पाव वेढ्याने काय होणार एवढ्या उन्हात? आणखी पाव वेढा देऊ या, असं म्हणत खुंटी आत शिरली. तिने पहिल्या खुंटीला हात लावला तेव्हाच तार जरा मऊ लागली होती. कसलेल्या कारागिराने तिथेच थांबायला हवं. आजोबा असते तर म्हणाले असते, "आधी तारेला विचार, मग पिळ." पण तिचे हात खुंटीवर होते आणि मन अजून डोक्यावरच्या टोपीत. तिने चारही तारा सैल केल्या.

आतून आवाज आला— *टक्.*

एवढासाच. पण खुंटीला तो लगेच ओळखता आला.

या वाद्याच्या पोटात एक काठी असते. साधी, उभी, लाकडी. तिला ना खिळा, ना सरस. वरच्या तारांच्या दाबानेच ती जागेवर उभी राहते, आणि तारांचा आवाज सगळ्या लाकडात पोचवते. तारा फार सैल झाल्या की काठी पडते. काठी पडली की एवढं मोठं वाद्य मुकं होतं. खुंटी धावत मावसबहिणीकडे गेली.

"कोणी पाहिलं का तुला?" मावसबहिणीने सगळं ऐकून विचारलं.

"नाही."

"मग तारा परत ताण आणि चल गुपचूप. वाद्य आहे ते, बिघडतं कधीकधी."

"काठीशिवाय तारा ताणल्या तर वरची फळी खचेल. कार्यक्रमाच्या मधेच. सगळ्यांसमोर."

"आणि सांगितलंस तर तो पुन्हा तोंड बघणार नाही तुझं."

"बघू नये," खुंटी म्हणाली आणि सरळ मंचाकडे चालू लागली.

बगळा माइकसमोर वाकून उभा होता. तिला बघून त्याचा चेहरा उजळला. तो पुन्हा विझवणं तिच्या जिवावर आलं, पण तिने एका दमात सांगून टाकलं. "मी तुला न विचारता तारा सैल केल्या. पोटातली काठी पडलीय. चूक माझी. नीट मीच करणार."

बगळ्याने माइक बाजूला केला. ड्रमवाला टुणकन उठला. "अरे देवा! तारा? दहा वाजता मी पण सैल केल्या! म्हटलं, बगळा विसरला असेल..."

"मी उजाडतानाच केल्या होत्या," बगळा म्हणाला.

तिघांनी एकाच वाद्याची काळजी घेतली होती, आणि तिसरी काळजी त्याला झेपली नव्हती.

कोणीच हसलं नाही. बगळ्याने घड्याळात पाहिलं. एक वाजत आला होता.

"किती वेळ लागेल?"

"दुकानात अर्धा तास. इथे हत्यारं नाहीत. तीनपर्यंत उभी करते."

"आणि नाही झाली तर?"

"होईल."

तो मंचावरून खाली उतरला. मग म्हणाला, "चल."

मग सुरू झाली खरी धावपळ. काठी उभी करायला लांब, वाकडी सळई लागते. मावसबहिणीच्या तंबूची एक लोखंडी मेख उपटली गेली, तसा तो तंबू एका बाजूला बसला. "घ्या! आता घरही मोडा माझं!" ती ओरडली, पण दगड तिनेच शोधून आणला. ड्रमवाल्याने त्या दगडावर ठोकून मेखेला दोन्हीकडे बाक दिला. खुंटीने तिचं टोक घासून घासून धारदार केलं. दातांच्या डॉक्टरने वाद्याच्या आत बघायला पिशवीतून लांब दांड्याचा छोटा आरसा काढला.

"सुट्टीवर आलीस ना तू?" सगळ्यांनी एकदम विचारलं.

"सवय," ती शांतपणे म्हणाली.

बगळ्याने काकांना सावलीत उताणं धरलं. खुंटीने पोटावरच्या नागमोडी फटीतून मेख आत घातली. टोकाला टोचलेली काठी तिने हळूच सरळ केली... पडली. पुन्हा... पुन्हा पडली. पाचव्यांदा पडली तेव्हा दोन वाजून गेले होते. तिच्या नाकावरून घामाचा थेंब ओघळला. तिला हात सोडता येईना. बगळ्याने आपल्या बाहीने तो टिपला.

सहाव्यांदा काठी उभी राहिली.

"तारा ताण," ती श्वास रोखून म्हणाली. "चारही. थोड्या थोड्या, सारख्या."

पण उभी राहणं वेगळं आणि जागेवर बसणं वेगळं. काठी केसभर इकडे असली तर आवाज बसका, केसभर तिकडे असली तर कर्कश. त्यासाठी दोन माणसं लागतात. एकाने वाजवायचं आणि दुसऱ्याने सरकवायचं. बगळा खाली वाकून एकेक तार छेडू लागला आणि खुंटी त्याच्या गुडघ्यापाशी बसून आतल्या काठीला हलकेच टिचकी देऊ लागली. दोघांचे कान लाकडाला लागलेले, मधे फक्त वीतभर अंतर.

"आता?"

"नाकात बोलतोय," तो म्हणाला.

टिचकी. "आता?"

"जवळ आला... अजून जरा."

"आता?"

त्याने सगळ्यात खालची तार छेडली. सूर लाकडातून निघाला, जमिनीतून आला, आणि खुंटीच्या हातातून थेट छातीत गेला. सूर विरून गेला तरी दोघांपैकी कोणीच कान बाजूला घेतला नाही.

"रागावला नाहीस?" तिने हळूच विचारलं.

"रागावलो होतो. मंचापासून तंबूपर्यंत. पण कोणी पाहिलं नव्हतं आणि तरी तू सरळ येऊन सांगितलंस... मला तर तेवढं धैर्य झालं नसतं."

चार वाजता मोठ्या मंचासमोर जागा उरली नव्हती. मधेच एक भुरभुर सर आली, कोणी हललं नाही. खुंटी पुढच्या रांगेत उभी होती. पहिल्या गाण्यात ती फक्त काठी ऐकत होती. दुसऱ्या गाण्यात तिला काठीचा विसर पडला. तिसऱ्या गाण्यात बाकीची वाद्यं थांबली आणि बगळा एकटाच वाजवू लागला. लांब मान वाकवलेली, डोळे मिटलेले. आणि हजारभर माणसं, जेवणारी नव्हे, नुसती ऐकणारी, इतकी शांत झाली की पावसाचे थेंब ऐकू यावेत.

शेवटी टाळ्या थांबेनात. "वन्स मोअर"चा गलका उठला. बगळा पाणी प्यायला मंचामागे आला तेव्हा खुंटी तिथे पोचली होती.

"काका आधीपेक्षा चांगले बोलतात," तो धापा टाकत म्हणाला.

"माहीत आहे."

"उद्या जाणार तू?"

"सकाळी. सोमवारी दुकान उघडायचंय."

"आमचा दौरा... अकरा गावं. सप्टेंबरपर्यंत." तो पेला हातात फिरवत राहिला. "मधे काकांना काही झालं तर? म्हणजे... काठी वगैरे पुन्हा—"

"बगळ्या, काठी पडणार नाही. मी बसवलीय ती. काकांचं निमित्त पुरे." तिने त्याच्या हातातून पेला काढून घेतला. "मला तू आवडतोस. सप्टेंबरमध्ये दौरा संपला की माझ्या गावी ये. वाद्य घेऊन ये, न घेता ये, पण ये. उत्तर आत्ता देऊ नकोस. लोक ओरडतायत. जा."

तो तसाच, मागे बघत बघत, पायऱ्या चढला.

ड्रमवाल्याने काड्या उंचावल्या. "एक, दोन, तीन, चार!"

ड्रम सुरू झाले. गिटार सुरू झाली. डबल बास मात्र सुरू झालाच नाही. बगळा वाद्याला मिठी मारून उभा होता आणि मंचाच्या कडेला उभ्या असलेल्या खुंटीकडे बघून हसत होता. कानापासून कानापर्यंत. सुरुवात करायची असते हेच तो विसरला होता.

सगळे थांबले. लोक हसायला लागले.

"पाच वर्षांत एकदाही चुकला नाही हा!" ड्रमवाला माइकमध्ये ओरडला. बगळा ज्या दिशेला बघत होता तिकडे त्याने पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "बरं, कळलं! सगळ्यांना कळलं! आता वाजवतोस का?"

बगळ्याने खुंटीकडे बघत दोनदा मान डोलावली. एकदा वाजवण्यासाठी, आणि एकदा तिच्यासाठी.

"पुन्हा!" ड्रमवाल्याने काड्या उंचावल्या. "एक, दोन, तीन, चार—"