दिवसाला दिवस

"मजुरीचे पैसे कुठं ठेवतेस, वयनी?"

प्रविणने ताट बाजूला सारलं आणि ठमाबाईंच्या हातातला भाताचा डाव तसाच थांबला... थोरला भाऊ गेल्यावर ज्या वहिनीने पोटच्या पोरासारखं वाढवलं, तिलाच तो आज हे विचारत होता! गेले बारा दिवस ती देवपूजा आटोपून लोकांच्या चिखलात भातलावणीला जाते, हे त्याला त्याच्या कंपनीच्या गेटवर कुणीतरी हसत सांगितलं होतं.

खताची गोणी महागली, पॉवर टिलरचं भाडं वाढलं. वरकसावरचा, डोंगरउताराच्या हलक्या जमिनीतला तीळ तर परवडेना म्हणून दोन वर्षांपूर्वीच सुटला होता. यंदा नांगरट झाल्यावर लावणीची मजुरी ऐकून प्रविणने हात टेकले. रोप वाफ्यातच पिवळं पडू दे, पगारावर घर चालतं, म्हणाला. आणि थकल्या माणसाचं ते बोलणं खोटंही नव्हतं.

"पैसे नायत रे," एवढंच ठमाबाई म्हणाल्या. त्याला ते खरं वाटलं नाही. सोमवारचा उपास होता, तो न सोडताच त्या पाणी पिऊन निजल्या.

तिसऱ्या दिवशी शिफ्टवरून परतताना प्रविण बांधावर थबकला. त्याच्याच शेतात चौदा बाया ओणव्या होत्या. आपल्याकडे मजुरी द्यायला नाही, हे त्याने ओशाळून सांगितलं. शेजारची अनिता कंबर सरळ करीत म्हणाली,

"मजुरी कसली? ठमाबाय बारा दिस आमच्यात राबली, पैसा घेतला नाय. म्हनली, दिवसाला दिवस द्या, माझं शेत पडीक नको. दोन बाया जास्त आल्यात, ते दोन दिस तुमच्याकडं फेडायचे."

घरी ठमाबाई बसल्या होत्या, चिखलात उभं राहून झालेल्या चिखल्यांनी पायाच्या बोटांच्या बेचक्या सोललेल्या. तो हळदीचं तेल घेऊन त्यांच्या पायांशी बसला.

"सांगितलं का नाय, वयनी?"

"जाऊ दिलं असतंस?" त्या थकल्या आवाजात म्हणाल्या. "बायांना चहा दिलास का?"

दुसऱ्या दिवशी रजा टाकून प्रविण नमिताला, आपल्या बायकोला, घेऊन अनिताच्या शेतात उतरला.

"अगो, कंपनीचे साहेब रोप उलटं लावतायत," बाया हसल्या.

त्याने मान वर केली नाही. अनिताने दाखवलं तसं रोप हातात धरलं आणि पुन्हा वाकला.