अवधानाचा रोख

आकडा पडद्यावर आला तेव्हा डॉ. उमाकांत बेलसऱ्यांनी आधी ध्वनिमुद्रणाला दोष दिला. शास्त्रज्ञ झाला तरी माणूसच. चूक दिसली की पहिल्यांदा दुसऱ्याच्या माथी मारायची, ही खोड पदव्यांनी जात नाही.

"आवाज नीट टिपला गेला नसेल," ते म्हणाले.

"तीनदा ताडून पाहिलं, सर," त्यांच्या सहकारी डॉ. रेश्मा शिकलगार म्हणाल्या. "तिन्ही वेळा बाराच आले."

लातूरच्या राज्य अवधान केंद्रातली दुपार होती. काचेपलीकडच्या खोलीत प्रांजल खरमाटे नावाची, नुकतीच दहावी झालेली मुलगी बसली होती. तिची आई एसटीत कंडक्टर. अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती गणवेशातच आली होती आणि बाहेरच्या बाकावर थांबली होती. अकरावी विज्ञान शाखेच्या प्रवेशाची यादी आज पाच वाजता बंद होणार होती आणि तिच्यात प्रांजलचं नाव नव्हतं. ते नव्हतं, कारण बेलसऱ्यांचं सूत्र.

सहा वर्षांपूर्वी बेलसऱ्यांनी अवधानपट्टी काढली. ती कपाळाला बांधायची. मेंदूच्या लहरींवरून मूल वर्गात किती सावध आहे, हे ती शंभरापैकी सांगायची. नऊ हजार शाळांतून आकडे आले. मुली नव्वदीच्या घरात, मुलगे पन्नाशीत! मग चार वर्षांपूर्वी बेलसऱ्यांना एक साधा भागाकार सुचला. मिळालेले गुण भागिले दिलेलं अवधान, म्हणजे क्षमतांक. निम्मंच लक्ष देऊन साठ गुण आणणारा मुलगा मुळातच हुशार. सगळं लक्ष देऊन त्रेपन्नच आणणारी मुलगी बिचारी कष्टाळू, पण तिची धाव तेवढीच. शिक्षकांना हे लगेच पटलं. पटणारच हो! पालकसभेत वर्षानुवर्षं ते दुसरं काय सांगत आले होते? 'तुमचा मुलगा हुशार आहे, फक्त लक्ष देत नाही.' आणि मुलीच्या आईला, 'मेहनती आहे हो तुमची मुलगी.' बेलसऱ्यांनी त्या बोलण्याचं गणित करून दिलं, एवढंच. विज्ञान शाखेचे प्रवेश मग क्षमतांकावरच व्हायला लागले.

"पण हिचं अवधान एक्याण्णव आहे," बेलसरे म्हणाले. "तुम्ही बारा कुठून काढलेत?"

"एक्याण्णव खरंच आहे. आपली पट्टी अवधान किती ते सांगते, कुणाकडे ते सांगत नाही. माझी नवी पद्धत त्याचा रोख सांगते." रेश्माताईंनी पडद्यावर दोन नागमोडी रेषा एकीखाली एक आणल्या. "कानावर दहा आवाज पडत असले तरी आपण ऐकतो एकच. ज्याचं ऐकतो त्याच्या चढउताराबरोबर मेंदूच्या लहरी चालतात. हिच्या वर्षभराच्या लहरी आपल्याकडे आहेत, वर्गातले आवाजही आहेत. दोन्ही जुळवले. गणिताच्या तासाला बाईंच्या आवाजाकडे बारा."

"आणि बाकीचे एकोणऐंशी?"

"डाव्या हाताला. बाक करकरणं, पेन आपटणं, कंपासपेटी पडणं."

"कोण बसायचं तिथं?"

"रणवीर म्हणून एक मुलगा. तुम्हीच बसवलाय, सर. आसनयोजकानं."

आसनयोजक ही बेलसऱ्यांचीच आज्ञावली. अख्ख्या वर्गाचं अवधान जास्तीत जास्त भरावं अशा बेतानं कुणी कुठं बसायचं, हे ती ठरवायची. दंगेखोर मुलाशेजारी शांत मुलगी बसवा, हा शोध तिनं पहिल्याच आठवड्यात लावला होता. तो तर प्रत्येक शाळेतला जुनाच रिवाज! वर्गाची बेरीज बावीस टक्क्यांनी वाढली आणि बेलसऱ्यांना मुंबईत शाल-श्रीफळ मिळालं. मुलीचं लक्ष कशावर खर्च होतंय, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

ते काचेपलीकडे गेले. प्रांजल चटकन उठून उभी राहिली.

"बस, बस. मला सांग, गणिताच्या तासाला तू कुणाकडे लक्ष द्यायचीस?"

"दिलंय सर मी लक्ष. खरंच दिलंय!" पोरगी घाबरलीच. "बाईंनी सांगितलं होतं, रणवीरला सांभाळ म्हणून. तो वळवळायला लागला की गप्प करायचं. फळ्यावरचं त्याच्या वहीत उतरलंय का बघायचं. त्यानं दंगा केला की बाई मला रागवायच्या. म्हणायच्या, तुला कशाला बसवलंय तिथं?"

"आणि तुझं गणित?"

"घरी करायचे. पुस्तकात बघून, जमेल तसं."

दार ढकलून तिची आई आत आली. तिच्या हातात केंद्राचं पत्र होतं, घड्या पडून मऊ झालेलं. "साहेब, ही तुमचीच सही ना? 'अवधान पूर्ण, क्षमता मर्यादित.' आठ दिवस झाले, पोरगी पुस्तकाला हात लावत नाही. म्हणते, आई, मी ढ आहे हे मशीननं सिद्ध केलंय. मी काय सांगू हिला?"

बेलसऱ्यांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. सही त्यांचीच होती. अशी पत्रं त्यांनी गठ्ठ्यानं सह्या करून पाठवली होती, चहा पीत, फोनवर बोलत. त्या गठ्ठ्यांत मुलींचीच नावं जास्त होती, हे दिसत असूनही त्यांना खटकलं नव्हतं. उलट सूत्र बरोबर निघालं म्हणून ते खूश झाले होते.

"हिचे गणिताचे गुण त्रेपन्न, भागिले बारा," ते रेश्माताईंकडे वळून घाईघाईनं म्हणाले. "म्हणजे क्षमतांक चारच्याही वर! राज्यात इतका कुणाचाच..."

"तोही आकडा फेकून द्या, सर!" रेश्माताई पहिल्यांदाच चिडल्या. "तिला एकदा धड शिकू द्या. मग मोजा."

पुनर्मापनाची सोय नियमात होती. न शिकलेला एक पाठ चाळीस मिनिटं ऐकायचा, मग चौदा प्रश्न. दहा बरोबर आले की नाव यादीत. संधी एकच. रेश्माताईंनी अकरावीतला लघुगणकांचा पाठ लावला, प्रांजलच्या कपाळाला पट्टी बांधली आणि त्या काचेमागे पडद्यासमोर जाऊन बसल्या. आई बाहेर गेली. बेलसरे मात्र रेश्माताईंशी बोलायचं यंत्र कानात अडकवून खोलीतच कोपऱ्यात खुर्ची ओढून बसले. मुलीला एकटं वाटू नये, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे ती शिकताना दिसली तर आपल्याला जरा बरं वाटेल, असा त्यांचा हिशेब होता.

बरं कुठलं वाटायला! चार वर्षं, नऊ हजार शाळा. त्या मुली आता कुठं असतील? आपण ढ आहोत हे किती जणींनी मान्य करून टाकलं असेल? त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. उसासा टाकला. खुर्ची करकरली. डोळ्यांत पाणी आलं तसं नाक ओढलं.

"सर, बाहेर या," कानातल्या यंत्रातून रेश्माताईंचा आवाज आला.

"का?" ते कुजबुजले.

"तिचा रोख पाठावरून हललाय. सहा मिनिटं झाली, सगळा तुमच्याकडे आहे. ती तुम्हाला सांभाळतेय."

"पण मी काय केलं? मी नुसता बसलोय!"

"रणवीरही नुसताच बसायचा, सर."

तेवढ्यात प्रांजल मागं वळली. पडद्यावर पाठ पुढं चाललाच होता. "सर, बरं वाटत नाहीये का? पाणी आणू?"

बेलसरे उठले. दाराकडे गेले आणि आवाज होऊ नये म्हणून दार दोन्ही हातांनी धरून लावलं.

बाहेर आईनं विचारलं, "कसं चाललंय आत?"

"आता चालेल नीट," ते म्हणाले. "मी बाहेर आलोय."

तिला त्यातलं काही कळलं नाही. ती बाकावर सरकली, त्यांना जागा करून दिली. त्यांना तिथं बसवेना.

चौदापैकी बारा आले. प्रांजलचं नाव पावणेपाचला यादीत गेलं. आईनं तिला जवळ घेतलं आणि इतका वेळ आवरलेलं रडू मोकळं केलं. रेश्माताईंनी उत्तरपत्रिका बेलसऱ्यांच्या हातात दिली. चुकलेल्या दोन्ही प्रश्नांसमोर त्यांनी पाठातली वेळ लिहिली होती. दोन्ही त्या सहा मिनिटांतले होते.

प्रांजल त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "सॉरी सर, दोन चुकले."

"ते दोन माझे आहेत गं," बेलसऱ्यांचा आवाज चिरकला. "तुझे नाहीत. मी तुझं फार..."

"असू दे, सर. तुम्ही नका वाईट वाटून घेऊ."

ती त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहत होती, आता हे रडतात की काय म्हणून. पट्टी अजून तिच्या कपाळावरच होती. आतल्या पडद्यावर काय उमटत असेल, ते जाऊन बघायची बेलसऱ्यांची छाती झाली नाही.