सातवा टिळा

"ईशानी, भिंतीवरचं चित्र बदललंय. लगेच ये. आणि हो, मला वेड लागलेलं नाही."

एवढं बोलून मुरलीधरकाकांनी फोन ठेवला. ईशानी मेलबर्नमध्ये जुन्या चित्रांची डागडुजी करते. तासाभरात ती पॉइंट कुकला त्यांच्या घरी पोचली.

दार त्यांच्या मुलाने, यतिनने उघडलं. "सॉरी गं, तुझा वीकेंड फुकट घालवला. बाबांचं हल्ली असंच चाललंय. मंगळवारी मेमरी क्लिनिक आहे. त्यांचा रिपोर्ट आला की एज्ड केअर होममध्ये त्यांना जागा मिळेल."

"चित्राचं काय?"

"त्यांना धड दिसत नाही. बदललेलं कळणार कसं?"

चित्र हॉलमध्येच होतं. अकरा वर्षांपूर्वी काका मोरोक्को फिरून आले. तिथल्या जत्रेत बंदुका उडवत सुटलेले घोडेस्वार त्यांनी पाहिले, आणि परतल्यावर महिनोन्महिने दुसरं काही रंगवलं नाही. पाच स्वार, धुळीचा लोट, मधोमध मागच्या पायांवर उभा राहिलेला पांढरा घोडा.

"कशावरून म्हणता, काका?"

"हात लाव. पांढऱ्याच्या मानेवर मी सुरीने रंग थापला होता. बोटांना लागायचा. आता मान सपाट आहे."

"बाबा, तुम्ही विसरताय," यतिन दारातून म्हणाला.

ईशानीने चित्र उतरवून पालथं केलं. मागच्या लाकडी पट्टीवर कुंकवाचे टिळे ओळीने लावलेले होते.

"हे तुझ्या काकूचं, लताचं," काका म्हणाले. "पहिल्याच दसऱ्यापासून. खंडेनवमीला एक टिळा. म्हणायची, घरात शस्त्रं म्हणून याच बंदुका आणि घोडे म्हणून हेच. ती लॉकडाउनच्या वर्षी गेली, ऐन नवरात्रात. यतिन तेव्हा सिडनीला, केलीव्हिलमध्ये. बॉर्डर बंद. बिचाऱ्याने आईला झूमवर निरोप दिला. नंतर टिळा मी लावायला लागलो, चाचपडत."

ईशानीने टिळे मोजले. अकरा. पुन्हा मोजले. अकराच.

मग तिने गंधारला फोन लावला. गंधार काकांचा शिष्य. हुबेहूब असं चित्र काढू शकेल, असा तिच्या ओळखीत तोच एक.

"चित्र तुझ्याकडे कधी होतं?"

"जूनमध्ये, दोन दिवस. फ्रेम बदलायला. का?"

"मागे काय होतं?"

"लाल डाग. पुसणारच होतो, पण सरांना विचारल्याशिवाय नको म्हटलं. कसले आहेत ते?"

"किती होते?"

"कोण मोजतंय! थांब, काम सुरू करायच्या आधी फोटो काढलेत. मागचाही आहे. पाठवतो."

फोटोत टिळे दहा होते. आणि आता तर ऑगस्टच चालू होता. मधे खंडेनवमी आलीच नव्हती.

"चित्र बदललंय," ईशानी म्हणाली. "काकांना सगळं नीट आठवतंय."

यतिन लगेच म्हणाला, "मग गंधारच! दुसऱ्या कुणाला येतंय एवढं?"

"आत्तापर्यंत तर चोरीच झाली नव्हती ना?"

तिने टिळ्यांकडे बोट दाखवलं.

"कुणीतरी फोटो देऊन नक्कल करून घेतली. फोटोत रंगाची जाडी येत नाही, म्हणून मान सपाट. मागचे टिळे मात्र नंतर लावलेत, घाईने. गंधारने लावले असते तर दहा लावले असते, त्याच्याकडे फोटो आहे. शिवाय ते कशाचे हेच त्याला ठाऊक नाही. हे लावणाऱ्याला ते पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्याने मोजायची तसदीच घेतली नाही. अकरा दसरे, अकरा टिळे. पण एका दसऱ्याला या घरात पूजाच झाली नव्हती. काका, काकू गेल्या त्या वर्षी...?"

"सुतक होतं," काका हळूच म्हणाले. "कसली खंडेनवमी?"

"जो त्या वर्षी इथे नव्हता, त्याला हे कळलं नाही."

यतिन खुर्चीत बसला. म्हणाला, "सिडनीत एकाला हवं होतं. तुम्ही कधीच दिलं नसतं. वाटलं, तुम्हाला कळणार नाही."

"आणि कळलं तेव्हा?" काकांनी विचारलं. "तीन आठवडे मी रोज सांगतोय. तू रोज पाठीवर हात फिरवून म्हणतोस, बाबा, तुम्ही विसरताय. चित्र गेलं तर गेलं रे. पण मी खरंच वेडा झालो, असं मला वाटायला लागलं होतं. तुझ्यावर विश्वास होता म्हणून."

ईशानीला यतिनकडे बघवेना. इतकी चीड तिला कधी कुणाची आली नव्हती.

"क्लिनिकला मी येईन," काका म्हणाले. "ईशानीबरोबर. माझं डोकं ठीक आहे, हे मला लेखी हवंय."

मग त्यांनी अंगठा ओला केला आणि दुसऱ्या हाताने पट्टीवर डावीकडून चाचपत मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. सातव्यावर थांबले.

"हा त्या वर्षीचा. हा तुझ्या आईने कधी लावलाच नव्हता, मीही नाही," ते म्हणाले. "चौथा दिवस होता तिला जाऊन. तेवढंही तुझ्या लक्षात राहिलं नाही."

आणि त्यांनी तो टिळा पुसला.