आफ्तोब्यावरची तीन बोटं

नवरोजला आठवडा राहिला की मी अंगणातल्या तुतीखाली घरातलं सगळं पितळ काढून बसते. चहाचं पाणी उकळायचा समोवार, परात आणि पाहुण्यांच्या हातावर पाणी घालायची उंच चोचीची झारी, आमचा आफ्तोबा. आंबट जर्दाळूचा कोळ, विटेची पूड, आणि खांदे भरून येईपर्यंत घासणं. बुखाऱ्याच्या शाळेत मी तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. पितळ का काळवंडतं हे मला कुणी सांगायला नको.

म्हणूनच आफ्तोब्याच्या पोटावरचे डाग मी आधी माझ्याच माथी मारले. घामट हाताचे ठसे उमटतातच. मग हातमोजे घालून घासला आणि कपाटात कुलूपबंद केला. सकाळी डाग हजर. एक अंगठा, जरा मोकळी जागा, मग तीन बोटं.

माझ्या यजमानांची, सदरिद्दीनची, तर्जनी सरकी काढायच्या यंत्रात गेली होती. पाणी घालणं खरं तर घरातल्या धाकट्याचं काम, पण ते आफ्तोब्याला कुणाला हात लावू देत नसत. त्यांना जाऊन पाच वर्षं झाली.

मी घाबरले नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं. दर वर्षी मी घासायचे, ते उमटायचे. आमचा संसार अजून चालू होता.

यंदा सून मुनीसाने आफ्तोबा परस्पर तांबटाकडे नेला आणि वरून पक्कं वार्निश मारून आणला.

"आता जन्मात काळा पडायचा नाही, आई. सांधे किती दुखतात तुमचे. बसा आता निवांत."

पोरीने मायेने केलेलं. तिला काय बोलणार? मी तिच्या कपाळाचा मुका घेतला आणि आत जाऊन रडले.

रोज सकाळी बघायचे. आफ्तोबा लख्ख. सात दिवस लख्ख.

नवरोजच्या दुपारी पुलाव यायच्या आधी मुनीसाने सगळ्यांच्या हातावर पाणी घातलं. माझी पाळी आली तेव्हा मी सांधेदुखीसाठी घालते ते पितळेचं रुंद कडं उतरवलं. सकाळीच आतून-बाहेरून घासून घातलं होतं.

"हे डाग कसले, आई?"

"घामाचे," मी म्हणाले.

अंगठा. मोकळी जागा. तीन बोटं.

बाहेरून कडं झळझळीत होतं. खुणा आतल्या बाजूला होत्या, कातडीला लागून.

हात पुसून मी ते परत चढवलं. सकाळपेक्षा जरा घट्ट बसलं.